‘नव्हे’ची श्रीमंती

दासबोधाचा पसारा २० दशकांचा, २०० समासांचा आणि ७,७५१ ओव्यांचा. त्यातल्या पाचव्या दशकातल्या ‘बहुधाज्ञान’ या पाचव्या समासापाशी आज आपण जरा रेंगाळू या. परंपरा सांगते की हा ग्रंथ महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी सांगितला आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी यांनी लिहून घेतला. पुढे विस्मृतीत गेलेली ही घळ धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली शोधून काढली. पावसाळ्यात तिच्या तोंडाशी धबधबा असा कोसळत असतो की शेजारच्या माणसाशीही मोठ्यानं बोलावं लागतं. अशा ठिकाणी एकेक शब्द निवडून, तोलून सांगितला गेला असेल, ही कल्पनासुद्धा मला मोहवते.

समासाचा विषय एका वाक्यात सांगता येईल: ज्ञान म्हणजे काय नव्हे. भूत, भविष्य, वर्तमान नेमकं ठाऊक असणं हे ज्ञान नव्हे. विद्यापठण, संगीत, रागांची जाण, वेदाध्ययन हेही नव्हे. मग सुरू होते परीक्षांची मिरवणूक. घोड्यांची पारख, हत्तींची पारख, वस्त्रांची आणि शस्त्रांची, धातूंची, नाण्यांची, रत्नांची. पाषाण कोणता, लाकूड कोणतं, वाद्य कोणतं. बीज, अंकुर, फूल, फळ, वेल. रोग आणि त्यांची चिन्हं. शक्यता एकामागून एक पुढे येते, आपलं नाव सांगते आणि बाजूला होते.

या बाजूला करण्याची रीत पाहण्यासारखी आहे, आणि ती उजळून दिसावी म्हणून क्षणभर इंग्रजीच्या अंगणात डोकावू. शक्यता नाकारण्याची तिथली तीन मातब्बर क्रियापदं ‘एक्सक्लूड’, ‘प्रिक्लूड’ आणि ‘एलिमिनेट’. तिन्हींची मुळं लॅटिन आणि तिन्ही दाराशीच उभी. पहिलं दार लावून बाहेर ठेवतं, दुसरं पाहुणा यायच्या आधीच कडी घालतं आणि तिसरं आत आलेल्याला उंबरठ्याबाहेर काढतं. न्यायालयात, प्रयोगशाळेत, रोगनिदानात ही क्रियापदं किती चोख काम करतात! त्यांचा रेखीवपणा मला मनापासून आवडतो. दार एकदा लागलं की शंकेला फट उरत नाही.

मराठीची रीत निराळी. आपण गाळतो, वगळतो, सांडतो, खोडतो, बाद करतो, निवडतो. यातल्या ‘गाळणे’कडे पाहा. पाणी गाळलं तर पाणी हाती राहतं; ओळीतला शब्द गाळला तर शब्द हातचा जातो. ठेवणं आणि टाकणं एकाच धातूच्या पोटात सुखानं नांदतात, आणि निवाडा होतो तो सोबतच्या लहानशा सहायकामुळे: गाळून घेतलं की गाळून टाकलं. ‘निवडणे’ची गंमत याहून लोभस. कापडे, पोलादपूर, महाड हा घळीच्या आसपासचा सगळा भाताचा मुलूख. इथे घरोघरी तांदूळ निवडले जातात. बोटं उचलतात खडा, पण नाव घेतलं जातं तांदळाचं. जे जायचं आहे त्याच्यावर हात आणि जे उरायचं आहे त्याच्यावर चित्त, अशी ही क्रिया. आणि बहुधाज्ञानाचा समास मला याच जातीचा वाटतो. फरक एवढाच, की समर्थांच्या सुपात खडा असा नाहीच. जे जे ते बाजूला सारतात, तो त्या त्या कामापुरता अस्सल दाणाच असतो.

म्हणूनच बाजूला सारताना ते गाळत नाहीत, खोडत तर नाहीतच; ते ‘नव्हे’ म्हणतात. हे केवढंसं क्रियापद, पण त्याची शालीनता आपण पुरेशी चाखलेली नाही. ‘अंगणात घोडा नाही’ म्हटलं की घोड्याचं तिथलं असणंच पुसलं जातं. ‘हा घोडा नव्हे’ म्हटलं की समोरचं जनावर जागच्या जागी शाबूत राहतं, फक्त घोडेपणाचा मान त्याला मिळत नाही. असणं आणि अमुक असणं यांतलं अंतर मराठीनं दोन स्वतंत्र नकारांत जपलं आहे. शहरी बोलण्यात आज दोन्हीकडे ‘नाही’च भागवून नेतं आणि ‘नव्हे’ मागे पडत चाललं आहे, याची मला खरोखर हळहळ वाटते. घाटावरच्या बोलीत ते ‘न्हवं’ होऊन अजून टवटवीत आहे, हा दिलासा.

समर्थ तर ‘नव्हे’च्याही आधी एक पायरी घालतात: यालाही लोक ज्ञान म्हणतात, असं मान्य करतात, मगच नकार देतात. त्यामुळे नकारांच्या या यादीत सतराव्या शतकातल्या महाराष्ट्राची सारी जाणकारी जिवंत सापडते. शालिहोत्री, जवाहिऱ्या, वैद्य, गवई, माळी, सराफ यांच्या नावानं कुणी हाक मारलेली नाही, तरी त्यांची नजर इथे नांदते आहे. ज्याला या गोष्टी तुच्छ वाटत असतील तो त्या इतक्या मायेनं मोजत बसणार नाही. आणि यादीच्या ओघात आणखी एक झुळूक येते: तर्काची परीक्षा, अनुमानाची परीक्षा हेही ज्ञान नव्हे. ज्या हत्यारांनी आपण शक्यता छाटत जातो, ती हत्यारंही त्याच रांगेत शांतपणे उभी केली आहेत!

लगेच पुढचा, सहावा समास शुद्ध ज्ञानाचा. आता दाणा हाती येणार म्हणून आपण सरसावतो. आपणच आपल्याला पाहणं हे ज्ञान, असा उलगडा होतोही. पण समर्थ तिथेही थांबत नाहीत. सगळ्याची साक्षी असणारी तुर्यावस्था, जिच्यापाशी भल्याभल्यांनी मुक्काम केला असता, तिलाही ते पदार्थज्ञानात घालतात, कारण पाहण्याजोगं दुसरं काही उरलं आहे तोवरच साक्षीला अर्थ. घोड्यांच्या पारखीला जो नकार मिळाला, तोच आणि तितक्याच आदरानं, तुर्येच्याही वाट्याला येतो.