स्थानदर्शन आणि स्थाननिश्चिती : दायमाबादच्या निमित्ताने

वस्तुसंग्रहालयातील वस्तू तिच्या मूळ जागी उभ्या असलेल्या माणसास भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दाखवावी, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. लंडनच्या नगर-संग्रहालयाने २०१० मध्ये 'स्ट्रीटम्युझियम' या नावाने तिचा प्रयोग केला. ज्या रस्त्यावर आपण उभे असू त्याच रस्त्याचे जुने छायाचित्र समोरच्या दृश्यावर आरूढ झालेले त्यात दिसे. अहिल्यानगर जिल्ह्यात अशी योजना आणावयाची तर तिचे स्वागतच करावे लागेल. कारण येथील अनेक मोलाच्या वस्तू जिल्ह्याबाहेर गेलेल्या आहेत आणि त्यांच्या जागा ओस आहेत. तथापि लंडनच्या छायाचित्राची जागा ठाऊक होती; आपल्याकडे पुष्कळदा तीच वादग्रस्त असते. 'स्थान' या शब्दाने यंत्राला जे अभिप्रेत असते ते पुरातत्त्वज्ञाला अभिप्रेत नसते, हा भेद योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येतो.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबादची पांढर आहे. १९७४ मध्ये तेथील छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्यास खणताना चार धातुशिल्पे लाभली : बैल जोडलेला सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सर्वांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक. सिंधुसंस्कृतीच्या दक्षिणेकडील विस्ताराच्या चर्चेत या चार वस्तूंना जे महत्त्व आले ते क्वचितच दुसऱ्या कोणत्या निधीस आले असेल. परंतु हा निधी शास्त्रशुद्ध उत्खननात सापडलेला नाही. त्याच स्थळी १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे यांनी, पुढे शि. रं. राव यांनी आणि १९७५ ते १९७९ या काळात सा. आ. साळी यांनी उत्खनने केली. सावळदा, उत्तर-हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असा संस्कृतिक्रम निश्चित झाला. त्या क्रमात शिल्पे कोठे बसवावयाची, हा प्रश्न मात्र राहिलाच. काही विद्वान ती उत्तर-हडप्पा काळातील मानतात. धातूतील सोमलाचे प्रमाण पाहून इतरांनी त्याविषयी शंका घेतली आहे.

आता यंत्र येथे काय करील? मोकळ्या आकाशाखाली ते अक्षांश-रेखांश काही मीटरच्या अंतरापर्यंत बिनचूक सांगेल. उंचीच्या बाबतीत त्याची चूक याहून मोठी. आणि मातीचा थर तर त्यास मुळीच कळत नाही. म्हणजे जे दोन अंक वादाबाहेर आहेत तेच ते ठसठशीतपणे दाखविणार आणि ज्या तिसऱ्या मापावर सारा वाद उभा आहे त्याविषयी मौन बाळगणार. पडद्यावरील खुणेच्या टोकाशी एखादे शतक छापले की पाहणाऱ्याला कालनिर्णयही उपग्रहानेच केला असे वाटावयाचे! जोर्वे व नेवासे यांची गोष्ट वेगळी. तेथील उत्खननांत थरांची नोंद आहे. म्हणून भांड्याचे खापर त्याच्या थरासह दाखविता येईल, आणि ते दाखविलेच पाहिजे.

नावांचा घोटाळा याहून सोपा, पण अधिक पसरलेला आहे. नगर शहराच्या पूर्वेस डोंगरावर जी अष्टकोनी, तीन मजली वास्तू दिसते ती लोकांच्या तोंडी 'चांदबिबीचा महाल' आहे. वस्तुतः ती मूर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर होय. येथे यंत्र जागा अचूक दाखवील आणि नाव लोक देतील तेच छापील. लोकनाम पुसून टाकावे असे आमचे म्हणणे नाही. चांदबिबीची स्मृती लोकांनी एका परक्या कबरीशी का जोडली, हाही इतिहासाचाच विषय आहे. दोन्ही नावे द्यावीत, मात्र कोणते कशाच्या आधाराने हे सांगून.

दायमाबादच्या पांढरीवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास रथाचे चित्र अवश्य दाखवावे. परंतु त्याच पडद्यावर शोध कोणी लावला, कोणत्या वर्षी, उत्खननाबाहेर, आणि कालाविषयी कोणती दोन मते आहेत, या चार ओळी चित्राच्या आधी याव्यात. उघड्या पांढरीवरील निधीच्या जागेची खूणही मीटरच्या हिशेबाने देऊ नये. फावडे घेऊन येणाऱ्यालाही तोच पडदा दिसतो.