'स्मृतिचित्रे'तील समाधान

सौंसरजवळच्या जामसांवलीस निद्रिस्त मारुतीची मूर्ती आहे. व्याधिग्रस्त माणसे व त्यांचे आप्त तेथे दूरदुरून येतात. त्यांचे मागणे एकच असते : हे दुःख टळावे. श्रद्धेचे हे रूप सर्व धर्मांत आढळते व त्यास कमी लेखण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु श्रद्धेचे दुसरेही एक रूप आहे. दुःख टळत नाही, तरी मन निवते. मराठी गद्यात या दुसऱ्या रूपाचा निर्मळ आविष्कार पाहावयाचा, तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे वळावे लागते.

त्या कथेचा एक धागा जामसांवलीच्या मराठी भाविकांना जवळच्या असलेल्या नागपुराशी जुळलेला आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जाताना नारायण वामन टिळकांना आगगाडीत एक युरोपीय प्रवासी भेटला व त्याने त्यांच्या हाती नवा करार दिला. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने हा वज्राघात होता. पती हयात असून अंतरलेला, पदरी लहान मूल, आश्रय नातलगांचा. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, पण धर्म न सोडता. पुढे जातिभेद ईश्वराने नव्हे, माणसाने निर्माण केला, असा निर्णय त्यांच्या मनाने घेतला. त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास आरंभ केला, आणि ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतरचा. पतीमागे फरफटत गेलेली स्त्री ही नव्हे.

असे असता या ग्रंथाच्या वाचकांत दोन तट पडतात. रसिक वाचक विनोदावर लुब्ध होतो आणि धर्माचा भाग सभ्यपणे ओलांडतो. भाविक वाचकास त्यात साक्ष अपुरी वाटते. कारण लक्ष्मीबाई प्रवचन करीत नाहीत. आमच्या मते दोघेही एकाच ठिकाणी चुकतात. या ग्रंथातील श्रद्धा विनोदाहून वेगळी काढता येत नाही.

यावर आक्षेप निघेल, की विनोद हा स्वभावधर्म आहे; त्याचे श्रेय ख्रिस्ताला का द्यावे? आक्षेप निराधार नाही. विनोदबुद्धी त्यांना जन्मतःच लाभली होती, हे आम्हांस मान्य आहे. तथापि विनोद कटुही असू शकतो, आणि कटुतेला या आयुष्यात कारणे उदंड होती. सोवळ्याच्या वेडाने साऱ्या घरास शिणविणारे वडील, कठोर सासरे, दिलेले पैसे वाटेतच दान करून रिकाम्या हाताने परतणारे पती : यांपैकी कोणावरही लेखिका सूड घेत नाही. १९३४ पासून ग्रंथाचे भाग प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. सर्व हिशेब चुकते करण्यास ती वेळ सोयीची होती. त्यांनी हिशेब मांडला, पण वसुली केली नाही. स्वभावाने हसू येते. क्षमा स्वभावाने येतेच असे नाही. येथे आम्हांस त्यांच्या श्रद्धेचा ठसा दिसतो.

टिळकांच्या भक्तिकाव्याशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. वारकरी अभंगाच्या साच्यात ख्रिस्तभक्ती ओतून टिळकांनी मराठी ख्रिस्ती मनास स्वतःची वाणी दिली, हे त्यांचे थोर कार्य. परंतु त्यांचे समाधान उत्कट क्षणाचे आहे. त्यास तळमळीची पार्श्वभूमी लागते. लक्ष्मीबाईंचे समाधान चुलीपाशी, आजाऱ्याच्या उशाशी, उसनवारीच्या दिवसांत टिकते. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पुरे केले, यात केवळ पतिनिष्ठा पाहणे अपुरे होईल.

समाधान म्हणजे निमूट सोसणे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. 'स्मृतिचित्रे' तो खोडून काढते. लक्ष्मीबाई भांडतात, रुसतात, तर्क करतात, चुकतात आणि पुन्हा कामास लागतात. दुःखाला त्या गोड म्हणत नाहीत. त्याला शेवटचा शब्द मात्र बोलू देत नाहीत. जामसांवलीच्या पायरीवर बसलेल्या आर्त जीवासही ही मराठी परकी वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.