कांबळ्याची भिंत

स्त्रीपुरुषांच्या कलहावर उभारलेल्या विनोदी कथेचा शेवट प्रेक्षकास आधींच ठाऊक असतो. नायक-नायिका पहिल्याच भेटींत एकमेकांवर खेंकसलीं, कीं अखेरीस त्यांचें लग्न लागणार, हें शेंबडें पोरही सांगूं शकेल. मग अशा कथेंत पाहावयाचें तें काय? आमच्या मतें एकच गोष्ट पाहावयाची. हीं दोन विजोड माणसें जुळतात तीं दोघेंही थोडथोडीं बदलून, कीं एकानें दुसऱ्यास वांकवून? या कसोटीवर फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ हा १९३४ सालचा अमेरिकन बोलपट घासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या बोलपटाची कीर्ति मोठी आहे. उत्तम चित्र, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा हीं अकादमीचीं पांचही प्रमुख पारितोषिकें एकट्यानें मिळविणारा हा पहिलाच बोलपट. ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) या हिंदी चित्रांच्या द्वारें त्याचें कथानक आपल्याकडील पुष्कळांच्या परिचयाचें झालें आहे. पण कीर्ति हा कांहीं निकालाचा पुरावा नव्हे.

कथा साधी आहे. एली अँड्र्यूज ही कोट्यधीशाची लाडावलेली मुलगी. बापाच्या मनाविरुद्ध किंग वेस्टली नांवाच्या वैमानिकाशीं ती लग्न उरकून बसली आहे. बाप तिला मायामीजवळ आपल्या नौकेवर अडकवून ठेवतो, तेव्हां ती समुद्रांत उडी टाकून निसटते आणि न्यूयॉर्ककडे जाणारी बस धरते. बसमध्यें तिची गांठ पीटर वॉर्न या नोकरी गमावलेल्या, तोंडाळ वृत्तपत्रकाराशीं पडते. तिची हकीकत छापण्यास मिळावी म्हणून तो तिला पोंचविण्याचें पत्करतो. पुढें पावसानें रस्ता बंद पडतो व दोघांना एकाच खोलींत रात्र काढावी लागते. पीटर मध्यें दोरी बांधतो, तिच्यावर कांबळें टाकतो आणि बायबलांतील जेरिकोच्या तटाचें नांव त्या पडद्यास देतो. चित्रांतील सर्व शृंगार या कांबळ्याच्या आडून चालतो. मर्यादा हें रसाचें कुंपण नसून खतपाणी आहे, हें येथें फार सुंदर रीतीनें सिद्ध झालें आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. आपल्या रंगभूमीवर वा. बा. केळकरांच्या ‘त्राटिके’नें एके काळीं प्रेक्षकांस पोट धरधरून हंसविलें. शेक्सपिअरच्या मूळ नाटकाप्रमाणें तेथेंही नवरा बायकोस वठणीवर आणतो, आणि ती वठणीवर आली कीं नाटक संपतें. काप्रांचा नायकही आरंभीं याच वंशांतला वाटतो. डोनट कॉफींत कसा बुडवावा येथपासून रस्त्यावरची गाडी अंगठा दाखवून कशी थांबवावी येथपर्यंत प्रत्येक गोष्ट तो तिला शिकवूं पाहतो. परंतु अंगठ्याचा प्रयोग सपशेल फसतो. एकामागून एक गाड्या निघून जातात. मग एली पुढें होते, झगा गुडघ्यापर्यंत उचलते, आणि पहिलीच गाडी करकचून थांबते. हा प्रसंग सर्वांच्या स्मरणांत आहे. पण गुरूचा गर्व उतरला एवढ्यावर आमचें समाधान होत नाहीं. स्त्रीनें जिंकावें तें केवळ रूपाच्या बळावर काय?

याचें खरें उत्तर दुसऱ्या एका प्रसंगांत आहे. बापाचे गुप्त पोलीस खोलीवर येतात. त्याबरोबर पीटर नवऱ्याच्या आवेशांत ओरडूं लागतो. एलीही क्षणार्धांत ओळखून तितक्याच आवेशानें रडूं-भांडूं लागते, आणि हें खरेंच जोडपें आहे अशी खात्री पटून पोलीस निघून जातात! जगाला विवाहाचा पुरावा भांडणांतच दिसतो, ही थट्टा तर झकासच. पण त्याहून महत्त्वाचें हें, कीं येथें एलीला कोणी कांहीं शिकविलेलें नाहीं. बुद्धीच्या चपळाईंत ती त्याच्या बरोबरीची ठरते. पोलीस गेल्यावर दोघें मिळून हंसतात. खरा विवाह लागला असेल तर तो त्या हंसण्यांत.

शेवटच्या रात्रीं तर गुरुशिष्यांच्या भूमिकाच फिरतात. कांबळ्यापलीकडे पडून पीटर आपल्या स्वप्नांतील धीट सहचरीचें वर्णन करतो. तें ऐकून एली खरोखरच कांबळें ओलांडून येते व आपलें प्रेम सांगते, तेव्हां तो गांगरून तिला परत पाठवितो. धैर्यावर व्याख्यान देणारा परीक्षेंत नापास, आणि ऐकणारी उत्तीर्ण! तरी त्याच्या स्वाभिमानास आम्ही कमी लेखत नाहीं. तिला शोधून देणारास दहा हजार डॉलरांचें बक्षीस लागलें असतां तो तिच्या बापाकडे मागतो ते ३९ डॉलर ६० सेंट, प्रवासांत झालेला खर्च तेवढा. १९२९ पासूनच्या मंदीनें गांजलेल्या प्रेक्षकांस हा हिशेब किती भिडला असेल, याची कल्पना करतां येते.

परंतु दोष झांकणें हें टीकाकाराचें काम नव्हे. आरंभीं बाप मुलीच्या थोबाडींत मारतो. हिला रोज एक ठोसा देणारा नवरा पाहिजे, असें पीटर पुढें त्याच बापास ऐकवितो, आणि प्रेक्षागृह हंसतें. येथें काप्रा ‘त्राटिके’च्या पंक्तीस जाऊन बसतात. घरांतील मुलें शेजारीं बसलीं असतां या वाक्यावर आपण हंसावें कीं नाहीं, हें प्रत्येक गृहस्थानें स्वतःस विचारावें. दुसरा दोष रचनेचा आहे. गैरसमज झाल्यानंतर दोघें भेटतात तीं एकमेकांस टोंचून बोलण्यापुरतीं. समेट होतो तो बापाच्या मध्यस्थीनें. विवाहवेदीकडे जातां जातां तो मुलीच्या कानांत पीटरच्या मनींची गोष्ट सांगतो. बाहेर गाडीही तयार असते. कलह ज्यांनीं इतका रंगविला, त्यांच्या तोंडून क्षमेचे दोन शब्द ऐकण्यास आम्ही उत्सुक होतों. ते आम्हांस मिळाले नाहींत.

तथापि वेदीवरून ती धांवते ती स्वतःच्या पायांनीं. आरंभीं बापाच्या नौकेवरून पळणाऱ्या एलीला कोणापासून पळावयाचें एवढेंच ठाऊक होतें; आतां कोणाकडे जावयाचें तें तिला कळलें आहे. शेवटीं कर्णा वाजतो व कांबळें खालीं पडतें. तें दोघांपैकीं कोणीं पाडलें, हें दिग्दर्शकानें दाखविलेलें नाहीं. आमच्या कसोटीपुरतें त्याचें हें मौनच पुरेसें आहे.