गलीना येथील ग्रँट यांचे घर : एक वास्तुपरीक्षण

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात गलीना हे नदीकाठचे छोटे शहर आहे. शिशाच्या खनिजावरून त्याला हे नाव पडले. खाणी आणि आगबोटी यांच्या जोरावर ते भरभराटीस आले. तेथील युलिसिस ग्रँट यांचे दुमजली विटांचे घर इटालियनेट शैलीचा नमुना मानले जाते. परीक्षण करताना मात्र ग्रँट यांची कीर्ती आणि घराची गुणवत्ता वेगळी ठेवली पाहिजे.

प्रथम बांधणी पाहू. कमी उताराचे छप्पर, भिंतीच्या बरीच पुढे आलेली वळचण आणि तिच्याखाली ओळीने बसवलेले नक्षीदार ब्रॅकेट ही या शैलीची ओळख. वळचणीचा भार ब्रॅकेटच पेलतात असे पाहणाऱ्याला वाटते. या शैलीत बहुधा तसे नसते. भार छपराच्या लाकडी सांगाड्यातून भिंतीत उतरतो, ब्रॅकेट शोभेचे असतात. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यांच्यासारख्यांच्या नमुना-पुस्तकांतून ही शैली अमेरिकेत पसरली आणि यंत्रावर कापलेल्या लाकडी नक्षीमुळे ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. बर्फ पडणाऱ्या इलिनॉयमध्ये इटलीतील घरांसारखे छप्पर आले, ते हवामानामुळे नव्हे, आवडीमुळे.

मग हे घर दिखाऊ ठरते का? माझ्या मते नाही. रुंद वळचण विटांच्या भिंतीचे पावसापासून रक्षण करते, साध्या भिंतीवर ठळक सावलीही पाडते. ब्रॅकेट भार घेत नसले, तरी त्यांच्यामुळे ती वळचण अधांतरी वाटत नाही. येथे शोभा उपयोगाच्या आड येत नाही.

आता मालकाविषयी. विल्यम डेनिसन यांच्या आराखड्यानुसार हे घर १८६० मध्ये बांधले गेले, ते अलेक्झांडर जॅक्सन यांच्यासाठी. यादवी युद्ध जिंकून परतलेल्या ग्रँट यांना ते १८६५ मध्ये गावकऱ्यांनी भेट दिले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रँट येथे फार थोडे राहिले. १८७९ मध्ये मुंबईलाही आलेल्या जगप्रवासानंतर ते काही काळ येथे परतले. १८८१ मध्ये न्यूयॉर्कला गेले.

म्हणजेच या वास्तूतून ग्रँट यांची अभिरुची शोधणे चुकीचे आहे. ती १८६० च्या सुखवस्तू गलीनाची अभिरुची सांगते. नावाच्या फलकाकडे पाहून घराला गुण देऊ नयेत. आधी छप्पर, भिंत व वळचण यांचा संबंध तपासावा. मग घर कोणी, केव्हा आणि कोणासाठी बांधले ते पाहावे.