शून्य अपघातांचे मोल

सुरक्षित कामासाठी बक्षिसे ठेवावीत ही कल्पना वरवर पाहता निर्दोष वाटते. केंद्र सरकारने १९६५ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कारांतही अपघातांचे अल्प प्रमाण ही प्रमुख कसोटी होती. परंतु अशा कसोटीने मोजले जातात ते घडलेले अपघात नव्हेत, तर नोंदलेले अपघात होत. नोंद टाळूनही बक्षीस पदरात पडत असेल, तर जखम लपविणे हाच फायद्याचा व्यवहार ठरतो. एकाच्या जखमेने सबंध पाळीचे बक्षीस बुडणार असेल, तर सहकाऱ्यांची भीडच त्याचे तोंड बंद करते.

याच व्यवहाराची उलट बाजू गेवराई तालुक्यात दिसते. येथून ऊसतोडीस जाणारे पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि खाडा झाला की दंड कापला जातो. येथे बक्षीस नाही. परिणाम मात्र तोच. हात कापला वा दुखणे आले, तरी ते सांगणे परवडत नाही. २०१९ साली शासकीय समितीने पाहणी केलेल्या बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. याचे सारे कारण खाड्यात शोधणे धाडसाचे होईल. तथापि हे दुखणे हजेरीवरून कळले नाही, विचारपूस केल्यावर कळले, हे विसरता येत नाही.

यास्तव बक्षीस द्यावयाचेच, तर ते धोका वेळीच सांगणाऱ्यास द्यावे. आणि दुखापतीच्या दिवसाचा दंड प्रथम बंद करावा. मौनाला दिलेले मोल सुरक्षिततेच्या खाती जमा धरता येत नाही.