रिकामी गाडी

आँरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या 'वेजेस ऑफ फिअर' (1953) या चित्रपटाचा शेवट पुष्कळांना खटकतो. नायट्रोग्लिसरीन भरलेले दोन ट्रक निघतात. चार ड्रायव्हरांपैकी तिघे वाटेत जातात. उरलेला मारिओ माल पोचवतो, पैसे घेतो आणि परतीच्या वाटेवर, रिकाम्या गाडीत, एका वळणावर कठडा तोडून दरीत पडतो. दिग्दर्शकानं त्याला ओढूनताणून मारला, नियतीचा खेळ दाखवायची हौस भागवून घेतली, असं पाहणारे म्हणतात. मला ते पटत नाही. गाडी चालवणाऱ्याच्या सीटवर बसून पाहिलं, तर या चित्रपटात त्या शेवटाइतकं खरं दुसरं काही नाही. मात्र तो पटायचा तर आधीचे अडीच तास नीट वाचावे लागतात.

कथा थोडक्यात अशी. दक्षिण अमेरिकेतलं लास पिएद्रास नावाचं उन्हानं भाजलेलं गाव. युरोपातून येऊन तिथं अडकलेली माणसं. काम नाही, परत जायला तिकिटाचे पैसे नाहीत. सुमारे 500 किलोमीटरवर एका अमेरिकी कंपनीची तेलविहीर पेटते. अशी आग पाण्यानं सहज विझत नाही. तिच्या तोंडाशी मोठा स्फोट घडवून ज्वाळेला क्षणभर इंधनापासून तोडावं लागतं. त्यासाठी लागणारं नायट्रोग्लिसरीन गावात आहे, पण ते नेण्यासाठी बनवलेल्या खास गाड्या नाहीत, आणि त्या मागवायला वेळ नाही. मग साध्या ट्रकवर डबे चढवायचे. पोचवणाऱ्या प्रत्येकाला 2000 डॉलर, आणि तेही पोचलात तरच.

कंपनीचा साहेब ओब्रायन हे काम आपल्या कायमच्या कामगारांना सांगत नाही. त्यांची युनियन आहे, ती ऐकणार नाही. गावातल्या भटक्यांना ना युनियन, ना मागं रडणारं कुटुंब. हे तो ऑफिसात बसून, आवाज न चढवता, हिशोब मांडावा तसा बोलतो. क्लूझो इथं पार्श्वसंगीत वाजवत नाही, कुणाचा रागावलेला चेहरा दाखवत नाही. अपघाताची पहिली पायरी रस्त्यावर नसून या टेबलावर आहे, एवढं त्या शांतपणातून कळतं. दोन ट्रकांमध्ये अर्ध्या तासाचं अंतर ठेवायचं ठरतं. त्याचा अर्थ सगळे ओळखतात: एक उडाला तर दुसरा उरावा.

ट्रक गावाबाहेर पडायला चित्रपटाचा जवळजवळ तासभर जातो. आजच्या प्रेक्षकाला तो तास लांबलेला वाटतो. मला तो हवा असतो. त्या तासात कळतं की ही माणसं वेगाच्या नादानं गाडीवर चढलेली नाहीत. चौघांपैकी लुईजीच्या फुप्फुसात सिमेंटची धूळ साचली आहे, डॉक्टरनं त्याला तसं सांगून टाकलंय. निवड न झालेला तरुण बेर्नार्दो गळफास घेतो. म्हणजे या गावात ट्रकवर चढायला मिळणं हीच बढती आहे.

मग तो पन्हाळी पत्र्यासारखा रस्ता येतो, आणि वेगाबद्दल या चित्रपटाला जे सांगायचं आहे त्याचा पहिला धडा सुरू होतो. कच्च्या रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनीच उठवलेल्या बारीक, एकसारख्या लाटा. ज्यानं मुरमाड रस्त्यावर डंपर हाकलाय त्याच्या हाडांना हा खडखडाट ओळखीचा असतो. अशा रस्त्यावर दोनच वेग चालतात: एकतर रांगायचं, नाहीतर इतकं जोरात जायचं की चाकाला लाटेच्या खळग्यात उतरायला सवडच मिळू नये, टायर नुसता माथ्यामाथ्यावरून निघून जावा. मधला वेग म्हणजे मरण, कारण तिथं गाडीची थरथर सगळ्यात वाईट आणि मागं हौद्यात नायट्रोग्लिसरीन. इथं भरधाव जाणं सुरक्षित आहे आणि सावकाश जाणंही सुरक्षित आहे. जिवावर बेततं ते दोघांनी वेगवेगळा निर्णय घेतल्यानं. एक ट्रक रांगतोय, दुसरा मागून सुसाट येतोय, आणि मागच्याला ब्रेक लावायची सोय नाही, कारण वेग उतरला की तो त्या मधल्या थरथरीत सापडणार.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. वेग म्हणजे ड्रायव्हरचा माज किंवा पायाची खाज, अशी आपली सोपी समजूत असते. क्लूझो तिला पहिल्याच धक्क्यात हात घालतो. वेग हा रस्ता, वजन, टायर आणि पुढचा माणूस यांच्याशी लावलेला मेळ आहे, हे तो एका शब्दाचं व्याख्यान न देता दाखवतो. कॅमेरामन आर्माँ तिरार कधी थरथरणारं स्टिअरिंग दाखवतो, कधी घामानं चमकणारा चेहरा, कधी चाकाखाली पळणारी जमीन. मधल्या जागा आपलं पोट भरून काढतं. आपल्याकडे मालवाहू गाड्यांना ताशी 80 चा गव्हर्नर बसवायचा नियम आहे, तो हवाच. पण गव्हर्नरला फक्त वरची हद्द कळते, समोरचं वळण कळत नाही.

दुसरा धडा उलट्या टोकाचा आहे. डोंगरातलं केसाच्या पिनेसारखं वळण, आणि लांब ट्रकला वळायला जागा मिळावी म्हणून दरीवर काढलेला लाकडी माचा. फळ्या कुजलेल्या, ओलसर. पुढं जायचं तर आधी रिव्हर्स घेत मागची चाकं त्या माच्यावर टेकवायची, दरीकडे पाठ करून. इथं वेग जवळजवळ शून्य आहे, आणि श्वास रोखायला लावणारी चित्रपटातली पाच-दहा मिनिटं हीच. गाडी इंच-इंच मागं सरकते. चाकं ओल्या लाकडावर जागच्या जागी फिरतात, एक तार गाडीत अडकते, फळ्या कडकडतात. गाडी सुटते आणि माचा कोसळतो. घाटात ट्रक मागं घेताना क्लीनर खाली उतरून हातानं गाडीवर थापा मारत 'येऊ दे, येऊ दे' म्हणतो, त्या आवाजावर ड्रायव्हरचा केवढा जीव टांगलेला असतो ते इथं कळतं. कारण मारिओला तो आवाज मिळत नाही. त्याचा जोडीदार जो घाबरून पळून गेलेला असतो.

या जोबद्दल थांबून लिहायला हवं. शार्ल व्हानेलनं तो केलाय आणि त्या कामाची 1953 च्या कान महोत्सवात खास दखलही घेतली गेली. गावात जो दादा असतो. पांढरा सूट, पिस्तूलवाल्यासमोर न डगमगणारा. ट्रकमध्ये बसल्यावर तो विरघळत जातो. त्याला घाम फुटतो, थंडी वाजते, तो काहीतरी सबब काढून उतरतो. मारिओ त्याला भित्रा म्हणतो, मारतो, आणि आपणही पहिल्यांदा पाहताना मारिओच्याच बाजूनं असतो. पण पुढं-पुढं लक्षात येतं की भीती फक्त जोलाच नीट दिसते आहे. रस्त्यावर आपण कशावर बसलोय याचा त्याला एक क्षणही विसर पडत नाही. मारिओ धीट आहे म्हणून चांगला ड्रायव्हर नाही. त्याच्या शेजारी भीती बसलेली आहे, म्हणून तोवर तो चांगला ड्रायव्हर आहे. हे वाचन कुणाला ओढाताणीचं वाटेल, पण मला चित्रपट पुढं नेमका इकडेच जाताना दिसतो.

वाटेत मोठा धोंडा आडवा येतो. लुईजीबरोबर पुढच्या ट्रकवर असलेला बिंबा तो फोडतो: धोंड्याला भोक पाडायचं, थर्मासमध्ये थोडं नायट्रोग्लिसरीन काढायचं, ते हळूहळू भोकात उतरवायचं, वर दोरीला हातोडा टांगायचा, वात जळत दोरीपाशी पोचली की हातोडा पडेल. कारागिराच्या हातांवर क्लूझोचं किती प्रेम आहे ते इथं दिसतं. तो सगळी कृती दाखवतो, घाई करत नाही. आणि एवढ्या काटेकोर माणसाचा ट्रक थोड्याच वेळानं वाटेत उडतो. का उडतो, ते चित्रपट सांगत नाही. आपण मागच्या ट्रकमध्ये असतो. जो सिगारेट वळत बसलाय. कागदावरची तंबाखू एकाएकी फुर्रकन उडून जाते. स्फोटाची बातमी आपल्याला त्या रिकाम्या कागदावरून कळते. चूक कुणाची, झोप लागली का, खड्डा लागला का, सांगायला कुणी उरलेलं नाही. महामार्गावरच्या किती पंचनाम्यांत 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने' हे एकच वाक्य लिहून प्रकरण मिटतं, ते आठवून हा प्रसंग मला दरवेळी जास्त झोंबतो. क्लूझो तसं वाक्य लिहीत नाही. कारण कळलं नाही, तर तो ते कळल्याचं सोंग आणत नाही.

स्फोटानं पाइपलाइन फुटून खड्डा तेलानं भरलाय. मारिओला गाडी त्यातून काढायची आहे. चिखलातून जड गाडी काढताना एक नियम कुठलाही ड्रायव्हर सांगेल: एकदा घातली की थांबायचं नाही. थांबली की रुतली. वाट दाखवायला जो तेलात उतरतो, अडकतो, समोर पडतो. मारिओ थांबत नाही. चाक जोच्या पायावरून जातं. कंपनीच्या टेबलावरचा हिशोब इथं मारिओच्या पायाखाली, ॲक्सिलरेटरवर येऊन पोचलेला असतो. थांबला तर माल राहिला, म्हणजे पैसे राहिले. त्याला क्रूर म्हणणं सोपं आहे. पण पोचलात तरच मजुरी, ही अट ज्यानं घातली तो त्या खड्ड्याच्या काठावरही नाही. आपल्याकडे 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं ड्रायव्हरच्या कामाला दिवसाचे 8 तास घालून दिले. खेपेवर पैसे घेणाऱ्या डंपरवाल्याला 8 तासांत घर चालेल इतक्या खेपा होतात का, हा प्रश्न त्या खड्ड्यातलाच आहे.

जो केबिनमध्येच, मारिओच्या शेजारी, पॅरिसमधल्या एका जुन्या गल्लीची आठवण काढत मरतो. मारिओ माल पोचवतो आणि थकव्यानं कोसळतो.

आता तो शेवट. झोप झाली आहे, जोच्या वाट्याचेही पैसे मिळालेत. कंपनी गाडी चालवायला माणूस देऊ करते. मारिओ नको म्हणतो. गाडी रिकामी आहे, ऊन आहे, रेडिओवर 'ब्लू डॅन्यूब' लागलंय. तिकडे गावात त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले लोक त्याच वाल्ट्झवर नाचतायत. मारिओ स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे फिरवत ट्रकलाही नाचवतो. डोंगरउतार, वळणं, आणि तो हसतोय.

ट्रक ओळखणाऱ्याला इथं धडकी भरते. ट्रकचे ब्रेक, पाटे, टायर भरल्या वजनाच्या हिशोबानं बांधलेले असतात. रिकाम्या गाडीची मागची बाजू हलकी. जोरात ब्रेक मारला की मागची चाकं जाम होऊन घसरतात, ताठ पाट्यांवर गाडी उसळते, नागमोडी चालवली की मागचा भाग फेकला जातो. भरल्या गाडीचा ड्रायव्हर प्रत्येक उताराला गिअर मोजतो. खाली गाडीचा ड्रायव्हर घराकडे निघालेला असतो. खंबाटकी घाटाच्या माथ्यावर एखादा जुना ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो, लोखंडी रॉडनं एकेक टायर ठोकून त्याचा आवाज ऐकतो, आणि ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायला लागतो. गाडीत माल आहे की नाही, यानं त्याच्या ठोकण्यात फरक पडत नाही. आणि त्याच रस्त्यानं पुण्याकडे येताना नवले पुलाच्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल मारलेल्या गाड्यांनी काय केलंय, तेही आपण पाहिलंय. वेग तिथंही हौसेपोटी आलेला नसतो. वाचलेल्या डिझेलचे पैसे कुणाच्या तरी खिशात जायचे असतात.

मारिओला कुणी मारलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. अडीच तास त्याच्या सावधपणाला मालाची किंमत चिकटलेली होती. माल उतरला, सावधपणही उतरलं. स्वतःच्या जिवासाठी सावध राहायची सवय त्याला कुणी लावली नव्हती, आणि त्या गावात तशी ती लागायचं कारणही नव्हतं. वेगाची इतकी बारीक जाण असलेला हा माणूस वळणावर ती विसरत नाही. ती जाण ज्या भीतीवर उभी होती, ती भीती त्याला नुकतीच नगद चुकती झालेली असते. म्हणून हा शेवट मला लादलेला वाटत नाही.

विल्यम फ्रीडकिननं हीच कथा घेऊन 1977 साली 'सॉर्सरर' केला. त्यातला वादळातल्या झुलत्या पुलाचा प्रसंग क्लूझोच्या माच्यापेक्षा कितीतरी भव्य आहे, आणि मला तो मनापासून आवडतो. पण फ्रीडकिननं परतीची खेप काढून टाकली. त्याचा नायक जुन्या पापाचा हिशोब घेऊन आलेल्या मारेकऱ्यांच्या तावडीत सापडतो. गुन्हेगारी कथेचा शेवट म्हणून तो चोख आहे, फक्त तो कुठल्याही धंद्यातल्या माणसाला शोभला असता. क्लूझोचा शेवट ट्रक ड्रायव्हरचाच आहे.