‘सपोर्ट आहे’ म्हणजे नेमकं काय आहे?

न्यायदर्शनात ‘वाक्छल’ सांगितला आहे. एक जण म्हणतो, हा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. समोरचा मुद्दाम ‘नव’चा अर्थ नऊ घेतो आणि विचारतो, बाकीच्या आठ कुठे आहेत? व्हिम या टेक्स्ट एडिटरबद्दल आमची तक्रार हीच, की तिथला ‘सपोर्ट’ हा शब्द असाच फसवतो. मुद्दाम कोणी फसवत नाही, एवढाच फरक.

विद्यार्थ्याला व्हिममध्ये पायथनचा सपोर्ट हवा असतो. फाइलीच्या नावापुढे ‘डॉट पीवाय’ लावलं की शब्दांना रंग येतात, ओळी आपोआप आत सरकतात. त्याला वाटतं, झालं! पण एडिटर नियमांच्या फाइली वाचून शब्द रंगवतो. पायथन त्याला येत नाही. व्हिममधूनच प्रोग्राम चालवला, तरी तो बाहेरच्या पायथनला हाक मारतो, इतकंच. तिसरा अर्थ मात्र वेगळा आहे: खुद्द व्हिमला पायथनमधून आज्ञा देणं. त्यासाठी व्हिमची बांधणी होतानाच ती जोडणी केलेली असावी लागते. पोरांचे दिवस जातात ते इथे. पायथन आहे, व्हिम आहे, सेटिंगची फाइल दहादा बदलली, तरी उत्तर ‘नाही’. घाटनांदूरकरांना हे सांगायला नको. रूळ गावातून गेले म्हणून प्रत्येक गाडी थांबत नाही. थांबा दुसरीकडे ठरतो.

व्हिममध्ये ‘व्हर्जन’ ही आज्ञा द्या आणि यादीत पायथन-३ च्या आधी अधिक आहे की उणे, ते आधी बघा. उणे असेल तर सेटिंगला हात लावू नका. डेबियन-उबुंटूवर बहुधा आधीपासून असतो तो ‘व्हिम-टायनी’. त्यात ही जोडणी नाही, ‘व्हिम-नॉक्स’मध्ये आहे. विंडोजवर ६४ बिटांच्या व्हिमला ६४ बिटांचाच पायथन लागतो.

ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये व्हिम प्रसिद्ध केला. २०२२ च्या नवव्या आवृत्तीत त्यांनी व्हिमची स्वतःचीच लिपीभाषा सुधारली, आणि बाहेरच्या भाषांच्या जोडण्या हळूहळू मागे पडतील असं ठरवलं. प्लगिनकारांनी हवी ती भाषा वापरावी, पण प्रोग्राम बाहेर चालवून व्हिमशी बोलावं. आम्हाला हा निर्णय अर्धाच पटतो. पायथनवर विसंबलेलं प्लगिन दुसऱ्याच्या संगणकावर चालेल याची खात्री नसते, हे खरंच. पण मग पायथन शिकलेल्या मुलानं एडिटर मनासारखा करायला, व्हिमबाहेर कुठे उपयोगी न पडणारी भाषा नव्यानं शिकायची? शिवाय पायथन ३ मध्ये चलाचं नाव ‘बेरीज’ ठेवता येतं. व्हिमच्या भाषेत नाव रोमन अक्षरांतच हवं. आपल्या अक्षरांत विचार करायला लागलेलं पोर तिथे पुन्हा उंबऱ्याबाहेर!

मूलेनार २०२३ मध्ये गेले. व्हिम आता इतर मंडळी सांभाळतात, आणि पायथनची जोडणी त्यांनी अजून काढून टाकलेली नाही.